आवाज आमच्या एसीचा, झोप काकूंची

(या भागाचं शब्दांकन. बोलताना सुटलेले काही धागे वाचण्यासाठी जोडून घेतले आहेत, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे.)

आज पाहुणे कुणी नाहीत, मी एकटीच आहे. आणि आज जे सांगणार आहे त्यात माझी बाजू काही फार बरी दिसत नाही, हे आधीच सांगून टाकते.

विषय आहे आवाज करणारा एसी. तुम्ही म्हणाल, त्यात काय सांगायचं? मेकॅनिकला बोलवायचं, पैसे द्यायचे, विषय संपला. मलाही असंच वाटत होतं. पण आमच्या एसीच्या आवाजाने दीड महिना खाल्ला, दोन मेकॅनिक खाल्ले, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंशी असलेलं बोलणंसुद्धा जवळजवळ खाल्लंच होतं.

बेल वाजली तेव्हा

आम्ही डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर राहतो. बेडरूममध्ये दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी आहे, पाच वर्षं झाली. त्याचं आउटडोअर युनिट खिडकीखाली, बाहेरच्या भिंतीला ठोकलेल्या लोखंडी स्टँडवर. म्हणजे काकूंच्या बेडरूमच्या खिडकीच्या बरोबर वर.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सकाळी बेल वाजली. दारात काकू. म्हणाल्या, "अगं, तुमचा एसी रात्री फार आवाज करतो गं. यांना झोप लागत नाही." काकांची बायपास झालेली, त्याला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते.

मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "काकू, आम्हाला तर काहीच ऐकू येत नाही. आम्ही त्याच खोलीत झोपतो." आणि हे खरंच होतं! आमच्या खोलीत पंख्याच्या वाऱ्याची सळसळ, बस, एवढंच. मला प्रामाणिकपणे वाटलं की आजारपणाने काकूंचा जीव घाबरा झालाय आणि त्या आवाजाचं निमित्त करताहेत.

तरी शेजारधर्म म्हणून मेकॅनिकला बोलावलं. तो आला दुपारी साडेबाराला. रिमोट घेतला, सोळावर लावला, दहा मिनिटं उभा राहिला. आवाज नाही. फिल्टर धुतले, कॉइलवर पाणी मारलं, "एकदम ओके आहे मॅडम" म्हणाला आणि गेला. मी काकूंना सांगितलं, सर्व्हिसिंग करून घेतलं.

चार दिवसांनी काकू परत दारात. "अगं, तसंच आहे."

मग दुसरा मेकॅनिक. तोही दुपारीच. त्याच्याबरोबर एक पोरगा होता, एकोणीस-वीस वर्षांचा. तो खिडकीतून बाहेर पडून छज्जावर उतरला. ना पट्टा, ना दोरी, पायात स्लीपर. मी बघतच राहिले. म्हटलं, अरे सांभाळ. तो हसला. त्याने युनिटवर दोन थापा मारल्या आणि आत आला. साहेब म्हणाले, "गॅस कमी वाटतोय, आणि कॉम्प्रेसरही जायला आलाय. कॉम्प्रेसर बदलायचा तर चौदा-पंधरा हजार. त्यापेक्षा नवीनच घ्या." गेज लावलं नाही, गळती शोधली नाही. नुसतं वाटलं त्याला.

इथे माझं डोकं फिरलं, पण चुकीच्या माणसावर फिरलं. मी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं की आमचा एसी दोनदा तपासून झालाय. वर हेही लिहिलं की ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा मर्यादा ४५ डेसिबलची आहे, आणि मी मोबाइलवर मोजलं तर ३८ भरले. स्क्रीनशॉटसकट!

आता बघा गंमत. मोजलं कुठे? माझ्याच बेडरूममध्ये. मोबाइलचं अॅप म्हणजे काही मोजणीचं यंत्र नव्हे, ती मर्यादा आहे परिसरातल्या आवाजासाठी, आणि तक्रार होती खालच्या घरातून. ताप एकाला आणि थर्मामीटर दुसऱ्याच्या तोंडात! काकूंनी ग्रुपवर काही उत्तर दिलं नाही. जिन्यात भेटल्या की नुसती मान हलवायच्या. ते जास्त लागलं.

सरांचे प्रश्न

मग बाबांनी मला त्यांच्या एका मित्राचा नंबर दिला. हे सर आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड शिकवायचे, आता निवृत्त आहेत. मी फोनवर पंधरा मिनिटं सगळी कैफियत ऐकवली. कंपनी, मॉडेल, मेकॅनिक, काकू, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आवाज कधी येतो?"

म्हटलं, रात्री.

"रात्री म्हणजे कधी? एसी लावल्यावर लगेच, की तासाभराने? सतत येतो की येतो-जातो? रिमोट कितीवर असतो?"

मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता येईना. कारण आवाज मी ऐकलाच नव्हता ना! तर सर म्हणाले, "मग ज्यांनी ऐकलाय त्यांना विचार. तीन रात्री वेळा लिहून ठेवायला सांग. तोपर्यंत एक रुपया खर्च करू नकोस."

मंडळी, तो जिना उतरणं हे या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात अवघड काम होतं. पण गेले. काकूंनी दार उघडलं, मी म्हटलं, "काकू, चुकलं माझं. आवाज कुठून येतो ते शोधायचंय, तुमची मदत लागेल." काकूंनी आत बोलावलं, पाणी दिलं. जास्त काही बोलल्या नाहीत. पण तीन दिवसांनी कॅलेंडरच्या जुन्या पानामागे स्वच्छ अक्षरात लिहून दिलं. वाचून दाखवते:

पहिली रात्र: साडेबाराला सुरू, पावणेदोनला थांबला, दोन वाजून दहा मिनिटांनी परत, पहाटे पाचपर्यंत.
दुसरी रात्र: बारा वाजून चाळीस ते पहाटे पाच, मध्ये दोनदा बंद.
तिसरी रात्र: आवाज नाही.

पहाटे पाचला आम्ही एसी बंद करतो, ते जुळलं. लावतो मात्र अकराला. म्हणजे पहिला दीड तास खाली काहीच ऐकू येत नाही! आणि तिसरी रात्र? त्या रात्री नणंद, तिची मुलं, असे आम्ही सहा जण त्या खोलीत होतो. दार सारखं उघडत होतं.

मी हे सरांना सांगितलं आणि ते फोनवर चक्क हसले. म्हणाले, "सापडलं अर्धं."

उभी एसटी आणि पळती एसटी

सरांनी जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. जुन्या साध्या एसीचा कॉम्प्रेसर एकाच वेगाने चालतो. खोली गार झाली की बंद, गरम झाली की सुरू. इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर वेग बदलतो. खोली तापलेली असते तेव्हा जोरात, आणि हवं ते तापमान जवळ आलं की हळू. म्हणून तर वीज वाचते.

आता एसटीचं आठवा. स्टँडवर इंजिन सुरू ठेवून गाडी उभी असते तेव्हा खिडक्यांच्या काचा कशा थडथडतात! आणि गाडीने वेग घेतला की त्याच काचा गप्प. प्रत्येक पत्र्याचा, प्रत्येक पाइपचा स्वतःचा असा एक ताल असतो. इंजिनचा ताल नेमका त्याच्याशी जुळला की तो पत्रा थरथरायला लागतो.

आमचं तेच होत होतं. रात्री आम्ही सव्वीसवर लावायचो. अकराला खोली तापलेली, कॉम्प्रेसर जोरात, आवाज नाही. साडेबारापर्यंत खोली गार, कॉम्प्रेसर संथ, आणि त्या संथ वेगाला बाहेरचं काहीतरी थरथरायचं. सहा माणसं आणि उघडं दार असलेल्या रात्री खोली पुरती गार झालीच नाही, म्हणून आवाज नाही. आणि दुपारी येणारा मेकॅनिक रिमोट सोळावर लावायचा! म्हणजे ज्या वेगाला आवाज येतो तिथपर्यंत मशीन कधी पोचतच नव्हतं.

त्या रात्री सरांनी आणखी एक परीक्षा करायला लावली. ही तुम्हीही घरी करू शकता. एसी आधी नुसत्या फॅन मोडवर ठेवायचा. त्यात फक्त आतला ब्लोअर फिरतो, बाहेरचं युनिट बंद असतं. आवाज तेव्हाही आला तर दोष आतल्या युनिटचा. फॅन मोडला शांत, आणि कूलिंग लावल्यावर बाहेरचं युनिट सुरू झालं की आवाज, तर दोष बाहेरचा. थोडा धीर धरावा लागतो, कारण बंद करून परत लावल्यावर कॉम्प्रेसर साधारण तीन मिनिटं थांबूनच सुरू होतो. काकूंना सांगितलं, आवाज आला की मिस्ड कॉल द्या. फॅन मोडवर एकही मिस्ड कॉल नाही. कूलिंगवर, खोली गार झाल्यावर, बारा पस्तीसला फोन वाजला. काकूंचा!

कुठला आवाज कशाचा

इथे जरा थांबून सरांनी सांगितलेली आवाजांची ओळख करून देते, म्हणजे तुमच्या घरी उपयोगी पडेल.

एसी लावताना किंवा बंद करताना प्लास्टिकची टकटक होते. ते गार-गरम झाल्यावर प्लास्टिक आकसतं आणि पसरतं म्हणून. घाबरू नका. बंद केल्यावर थोडा वेळ पाणी वाहिल्यासारखा किंवा फुसफुस आवाज येतो, तो बहुतेक वेळा पाइपमधल्या गॅसचा दाब सारखा होत असल्याचा. पण फुसफुस सतत आणि जोडीला गारवा कमी झालेला, तर गळती तपासून घ्या.

आतल्या युनिटमधून कुईकुई किंवा किरकिर येत असेल तर ब्लोअरचा बुश कोरडा पडलेला किंवा झिजलेला असू शकतो. घरघर करत अख्खं युनिट हलत असेल तर ब्लोअरच्या पात्यांवर धूळ कमीजास्त बसून तोल गेलेला असतो. नुसते फिल्टर धुऊन तो जात नाही, ब्लोअर साफ करावा लागतो. काहीतरी घासल्यासारखं, आणि कॉइलवर बर्फ दिसत असेल, तर एसी बंद करून बर्फ वितळू द्या. फिल्टर तुंबलाय की गॅस कमी आहे ते मग बघायचं.

बाहेरचं युनिट नुसतं घुंऽऽ करतंय आणि पंखा किंवा कॉम्प्रेसर सुरूच होत नाही, अशा वेळी जुन्या साध्या एसीत पुष्कळदा कपॅसिटर गेलेला असतो. तो भाग स्वस्त असतो, पण हात लावू नका. मेन स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहते. ते माहितगाराचंच काम.

आणि गॅस. सरांचं वाक्य लक्षात ठेवा: "गॅस पेट्रोलसारखा जळत नाही." तो बंद पाइपांतून फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गेलाय. ती जागा न शोधता वरून भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

तांब्या-फुलपात्र

शनिवारी रात्री नऊला सर स्वतः आले. बरोबर त्यांचा एक जुना विद्यार्थी, खांद्यावर कमरपट्टा आणि दोरीची गुंडाळी. मी त्यांना बेडरूमकडे न्यायला लागले तर सर म्हणाले, "आधी खाली."

काकूंच्या बेडरूममध्ये मी त्या घरात इतकी वर्षं जाऊन-येऊनसुद्धा कधी गेले नव्हते. भिंतीला लागून काकांचा पलंग. उशाशी स्टूल, त्यावर पाण्याचा तांब्या, तांब्यावर पालथं घातलेलं फुलपात्र. आणि दोन्हींच्या मध्ये घडी घातलेला हातरुमाल.

सरांनी विचारलं, रुमाल कशाला? काकू म्हणाल्या, "वाजतं ना ते रात्री. म्हणून."

वर आमची खोली संध्याकाळपासून गार करून ठेवली होती, एसी सव्वीसवर. सर भिंतीला तळहात लावून उभे राहिले. काकूंनी रुमाल काढून घेतला. दहा मिनिटं झाली असतील, आणि फुलपात्र बारीक किणकिणायला लागलं. मागोमाग तो आवाज. घुंऽऽ असा, कमीजास्त होणारा. कानापेक्षा छातीत जास्त जाणवणारा. महिनाभर मी ज्याला "काहीच नाही" म्हणत होते, तो हा. काका पलंगावर बसून माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. "आला बघ," एवढंच म्हणाले.

स्टँडचे बोल्ट ज्या भिंतीत, त्याच भिंतीला त्यांचा पलंग. थरथर भिंतीतून सरळ खाली उतरत होती. आम्ही वरच्या बाजूला, खिडकी बंद, आतल्या युनिटच्या वाऱ्याची सळसळ वर. आम्हाला ऐकू येणार कसं?

वर आल्यावर विद्यार्थ्याने आधी पट्टा बांधला, दोरी आतल्या मजबूत आधाराला अडकवली, ती सरांनी स्वतः ओढून बघितली, मग तो बाहेर उतरला. मला तो स्लीपरवाला पोरगा आठवला. सर म्हणाले, "आवाज बंद व्हावा म्हणून कुणाचा जीव टांगणीला लावायचा नाही. पट्टा नसेल तर मेकॅनिकला बाहेर उतरू द्यायचं नाही, हे घरवाल्याने सांगायचं." मी सांगितलं नव्हतं. नुसतं "सांभाळ" म्हटलं होतं.

एसी चालूच होता. फिरत्या पंख्यापासून लांब राहून त्याने एकेक जागा हाताने दाबून बघायला सुरुवात केली. वरचं झाकण दाबलं, फरक नाही. बाजूचा पत्रा दाबला, फरक नाही. जाड पाइप धरला, आणि खालून काकूंचा फोन: "कमी झाला गं!" सोडला, परत सुरू. एवढीच युक्ती. संशयिताला धरून ठेवायचं आणि आवाज बदलतो का बघायचं.

दोष दोन निघाले. पाइपवरचं काळं इन्सुलेशन उन्हाने तडकून गळून पडलं होतं आणि उघडा तांब्याचा पाइप स्टँडच्या लोखंडाला टेकला होता. दुसरं म्हणजे, युनिटच्या चार पायांखाली रबर हवेत, तिथे तीनच होते, तेही दगडासारखे झालेले. चौथ्या पायाचा बोल्ट ढिला, वॉशर गंजून गेलेला.

मग एसी बंद, एमसीबी खाली, पंखा थांबेपर्यंत थांबणं, आणि काम सुरू. चारही पायांखाली नवे रबर, नवे वॉशर, बोल्टला डबल नट. पाइप अगदी अलगद, बोटभर बाजूला घेतला. जोरात वाकवायचा नाही, नाहीतर चिमटतो किंवा तडकतो, आणि मग खरंच गॅस जातो. त्यावर नवं इन्सुलेशन चढवून वरून टेप. पाऊण तास लागला. सामान साडेचारशे रुपयांचं, त्या मुलाची मजुरी आठशे. सरांनी फक्त चहा घेतला.

परत लावला. परत खोली गार होईपर्यंत वाट. साडेअकराला आम्ही सगळे काकूंच्या खोलीत, फुलपात्राकडे बघत बसलेलो. काही नाही. भिंतीला कान लावला तर बारीक गुणगुण होती. ती राहणार, असं सर म्हणाले. चालतं मशीन आहे, मुकं कसं होईल? आणि हेही स्पष्ट सांगितलं की दोष कॉम्प्रेसरच्या आतलाच असता तर रबर घालून काही झालं नसतं, त्या मेकॅनिकचं म्हणणं खरं ठरलं असतं. फक्त ते तपासून ठरवायचं असतं.

जाता जाता

त्या मेकॅनिकांना मी फार दोष देणार नाही. पहिल्याने दुपारी जे दिसलं ते सांगितलं. दुसऱ्याने अंदाजाने मोठं काम काढलं, ते चूकच. पण दोघांना चुकीची माहिती कुणी दिली? मी. "शेजारी उगीच म्हणताहेत, जरा बघून जा," असं मीच सांगत होते.

तेव्हा मेकॅनिकला बोलवण्याआधी एवढं करा. आवाज कधी येतो त्याच्या वेळा लिहा, शेजारी रिमोटचा आकडा. फॅन मोड आणि कूलिंग, दोन्हीवर ऐकून बघा. आवाज येत असताना मोबाइलवर रेकॉर्ड करा. मेकॅनिकला शक्यतो त्याच वेळी बोलवा. ते जमलं नाही तर निदान तोच आकडा लावून, खोली गार करून ठेवा. मोठा खर्च सांगितला तर "कशावरून?" असं शांतपणे विचारा. आणि ज्याने तक्रार केलीय, त्याच्या खोलीत जाऊन उभे राहा. हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर माझा महिना वाचला असता. काकांचाही.

ग्रुपवरचा तो स्क्रीनशॉट मी काढून टाकला आणि झालं ते सगळं लिहिलं. रविवारी सकाळी दूध आणायला उतरले तर काकू जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "रुमाल धुवायला टाकला गं."

चला मंडळी, आज इथेच थांबते. तुमच्या घरातल्या एखाद्या आवाजाची अशी गोष्ट असेल तर जरूर कळवा. आणि ती सांगण्याआधी एकदा खालच्या मजल्यावर विचारून या. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार!